वरळी नाक्यावरची चार मिनिटं

रागावून घर सोडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कोणी कोपऱ्यावरच्या हॉटेलापर्यंत जातं आणि चहा पिऊन परत येतं, कोणी दादरच्या बहिणीकडे चार दिवस काढतं, आमच्या वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर रागाच्या भरात थेट सावंतवाडीला पोचले होते. पण रागावून बेचाळीस किलोमीटर पळणारा, आणि पळून झाल्यावर पुन्हा रागावलेलाच घरी येणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच आहे. तो माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन लालबागच्या ह्या चाळीत आले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि पोळी वातड झाली म्हणून रुसून मोरीत बसला होता. मोरीत! तिथून मीच त्याला उठवलं. तेव्हापासून आमचं असं आहे की मी त्या अकरा वर्षांच्या पोराला रीतीप्रमाणे 'भावजी, तुम्ही' म्हणायचं आणि त्याने मला 'वयनी, तू'. आज मी सत्तरीला आले, भावजी एकसष्ट झाले, रीत तीच आहे आणि राग तोच आहे. फक्त मोरी सुटली आणि रस्ता धरला.

परळच्या एका इस्पितळात भावजींनी छत्तीस वर्षं एक्स-रे काढले. "श्वास घ्या... धरा... धरा म्हटलं ना! सोडलात कशाला?" हे त्यांचं ओरडणं म्हणे बाहेरच्या बाकड्यावर ऐकू यायचं, आणि बाकड्यावर बसलेली माणसं आपला नंबर नसतानाही श्वास धरून बसायची. एक म्हातारी एकदा त्यांना म्हणाली, "डॉक्टर, हाड मोडलंय माझं, तुमचं काय मोडलंय?" तिच्यावर मात्र ते रागावले नाहीत. उलट घरी येऊन मला सांगून पोट धरून हसले. अशी त्यांची तऱ्हा. वेळेच्या बाबतीत तर विचारूच नका. लग्नासाठी एक स्थळ आलं होतं, मुलगी चांगली, शिकलेली, भायखळ्याची. ती मंडळी चाळीस मिनिटं उशिरा आली. आली तेव्हा भावजी घरात नव्हतेच. रात्रीपाळीला निघून गेले होते, पाळी नसताना. "ज्यांना भायखळ्याहून लालबागला वेळेवर येता येत नाही, ते संसार काय वेळेवर करणार?" हे त्यांचं उत्तर. माझे यजमान हात जोडून पाहुण्यांना पोहे खा, पोहे खा म्हणत राहिले. त्यानंतर भावजींनी लग्नाचा विषय काढू दिला नाही. मी त्यांच्यावर तेव्हा जी चिडले ती अजून थोडी चिडलेलीच आहे.

तर पळण्याचं कसं सुरू झालं ते सांगते. निवृत्त झाल्यावर सकाळी रागवायला कोणी उरलं नाही, म्हणून ते फिरायला जायला लागले. आमचे हे ज्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहायचे, तिच्या जागेवर आता टॉवर आहे, चाळीस की पन्नास मजल्यांचा. माझी मान वर होत नाही म्हणून मी मोजले नाहीत. त्या टॉवरच्या गेटावरून जाताना तिथला वॉचमन म्हणाला, "ओ काका, जरा जल्दी चलो, गाडी आ रही है." भावजींना 'जरा जल्दी' हे शब्द लागले. ते पळत सुटले. गाडी गेली, गेट मागे पडलं, राग उतरेना म्हणून हे पळतच राहिले ते शिवडीपर्यंत. घामाने थबथबून घरी आले आणि म्हणाले, "वयनी, त्या गिरणीत दादाने बत्तीस वर्षं काढली. आणि मला सांगतात, जल्दी चला!" दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गेटावरून पळाले. तिसऱ्या दिवशीही. पुढे वॉचमन बिचारा बदलून गेला, पण राग जागेवर होता.

मग ते मनगटी घड्याळ आलं, दर किलोमीटरला टुकटुक करून वेळ सांगणारं. त्यातून शोध लागला की टॉवरच्या गेटासमोरचा किलोमीटर इतर किलोमीटरांपेक्षा अर्ध्या मिनिटाने लवकर होतो. म्हणजे राग आला की भावजी जास्त जोरात पळतात! दुसरा एखादा असता तर त्याने राग सोडायचा विचार केला असता. ह्यांनी राग साठवायला घेतला. संध्याकाळी मी भाजी निवडत बसले की समोर येऊन विचारायचे, "वयनी, आज काय चिडण्यासारखं?" आणि मी आपली सांगत बसायची. पाणी आज वीस मिनिटंच आलं. जिन्यात कोणीतरी पानाची पिचकारी मारून ठेवली. मंडळाच्या पोरांनी पुन्हा दारात वाहनं लावली. ते मान डोलवायचे, "पिचकारी ठीक आहे, पण पाण्याचं रविवारला ठेव." कारण रविवारी लांबचं पळणं, परळ, नायगाव, वडाळा, शिवडी, परत लालबाग, तीस-तीस किलोमीटर. त्याला दमदार राग लागायचा. शिवडीच्या खाडीत ते गुलाबी पक्षी येतात ना, लोक लांबून दुर्बिणी घेऊन बघायला जातात, त्यांच्यावरही हे चिडून आले होते. "एका पायावर उभे! सगळे! दोन दिलेत ना देवाने?"

आणि मी? मी काय चिडत नव्हते? पहाटे चारला गॅलरीच्या कठड्यावर टाच ठेवून हे पाय ताणत उभे, शेजारची सूनबाई अंधारात दचकून किंचाळली. बुटांचा वास माझ्या देवघरापर्यंत. फोनमधली बाई पळताना इंग्रजीत बोलायची ती घरात आल्यावरही बोलतच राहायची, आणि हे तिला मराठीत उलट उत्तरं द्यायचे. पळताना ताकद यावी म्हणून इतर लोक कसलीशी पाकिटं चोखतात. ह्यांनी जत्रेतलं गूळ-आल्याचं खाजं खिशात भरलं आणि चड्डी तशीच खुंटीला लावली. तीन दिवस मुंग्यांची रांग खुंटीपासून माझ्या साखरेच्या डब्यापर्यंत चालू होती. मी ओरडले, तर म्हणतात कसे, "थांब, थांब, हे लिहून ठेवतो, उद्या नायगावच्या चढाला कामाला येईल." माझ्या ओरडण्यावर माणूस पळायला लागला! चिडायचीही सोय राहिली नाही मला.

जानेवारीतली ती मोठी शर्यत, बेचाळीस किलोमीटरची, तिच्यात पहिल्या वर्षी ते उतरले आणि पेडर रोडच्या चढावर त्यांच्या पायात गोळे आले. शर्यतीच्या मागून एक बस येते. जे फार मागे पडले त्यांना तिच्यात बसवून नेतात, त्यांच्याच भल्यासाठी. पण भावजींना ते भलं वाटेना. त्या बसमध्ये शेजारी बसलेला एक तरुण म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी छोट्या पळण्यात या. हे पाच तासांत येणाऱ्यांचं काम आहे." झालं. घरी आले ते तोंडाचा चंबू करून. दोन दिवस जेवताना एकच वाक्य, "मला गाडीत घातलं." जसं काही भटकं कुत्रं धरून नेलं. तिसऱ्या दिवशी खडूने दाराच्या मागे लिहिलं, 'पाच तासांच्या आत.' आणि खरं सांगते, मलाही राग आला. त्यांच्याहून जास्त आला. माझ्या दिराला गाडीत घालतात? सबंध वर्ष मी त्यांना पहाटे पेज करून दिली, उकड्या तांदळाची, वर तूप. पाणी कमी आलं की मनात म्हणायचे, येऊ दे, येऊ दे कमी, भावजींच्या उपयोगी पडेल.

आता पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते, पण सांगते.

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की रस्त्यावर जाऊन त्यांच्या पाठीशी उभं राहायचं. आमच्याकडे कोकणात कुठल्याही मोठ्या कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ-विडा ठेवून एका जाणत्या माणसाने मोठ्याने देवाकडे मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या चाळीत ते सांगणारे एकच, तळमजल्यावरचे तात्या. वय वर्षं शहाऐंशी, दात नाहीत, पण आवाज असा की पलीकडच्या चाळीतलेही व्हय म्हाराजा म्हणून मोकळे होतात. शर्यत वरळी नाक्यावरून परतते हे मला ठाऊक होतं. तात्यांना टॅक्सीने जमेल तितकं पुढे नेलं, तिथून खुर्चीवर बसवून चौघांनी उचललं. आम्ही वीसेक माणसं सकाळी आठलाच कडेला उभी. मी फुटपाथवर पाट मांडला, नारळ ठेवला, उदबत्ती लावली. तिथल्या हवालदाराने विचारलं, "मावशी, हे काय?" मी म्हटलं, "गाऱ्हाणं." तो म्हणाला, "मी कणकवलीचो," आणि टोपी सारखी करून बाजूला उभा राहिला.

नऊच्या सुमाराला भावजी दिसले. तोंड लाल, डोळे लाल, छातीवरचा नंबर वाकडा, आणि काय वेगात! पुढे-मागे कोणी नव्हतं एवढ्या चिडलेल्या चेहऱ्याचं. आम्ही ओरडलो. ते बघून किंचित हसले आणि पुढे निघणार, तोच तात्यांनी खुर्चीतून हात वर केला आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा!"

आम्ही सगळ्यांनी, हवालदारासकट, म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

आणि भावजी थांबले. गाऱ्हाणं चालू असताना आमच्यात कोणी पाय उचलत नाही. चप्पलसुद्धा सारखी करत नाही. ते आमच्यासमोर आले, हात जोडले, मान खाली घातली. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. मला वाटलं होतं तात्या दोन वाक्यांत संपवतील. पण शहाऐंशी वर्षांच्या माणसाला आज पहिल्यांदा वरळी नाका मिळाला होता. त्यांनी गावच्या रवळनाथापासून सुरुवात केली, मग सातेरी, मग वेशीवरचा देवचार, मग घराण्यातले गेलेले एकेक. माझ्या ह्यांचं नाव घेतलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि भावजींचं घड्याळ टुकटुकलं.

"ह्यो आमचो झील आज धावता हा, तेका पाच तासाच्या आत पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या वाटेत जी काय अडचण आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण तेका आडवो येयत, तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीच सगळ्यांत मोठ्याने ओरडले. देवाला तरी काय वाटलं असेल! आडवे आम्ही, बाजूला कोणाला करायचं? पळणाऱ्यांतली एक गुजराती बाई थांबून हात जोडून उभी राहिली, तिला काय चाललंय ते कळलंही नसेल. चार मिनिटं! घड्याळाने नंतर सांगितलं, पुरती चार मिनिटं. तात्या थांबले, मी भावजींच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, त्यांनी वाकून तात्यांच्या पायांना हात लावला, आणि पळायला गेले तर पाय लाकडासारखे झालेले. पहिली वीस पावलं ते लंगडतच गेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

पाच तास, दोन मिनिटं आणि काही सेकंद.

घरी आले. मी दारात उभी, आता फुटतील म्हणून. मनात म्हणत होते, घालून पाडून बोला, तांब्या आपटा, मोरीत जाऊन बसा. ते म्हणाले, "वयनी, चहा टाक." बस्स. दुसऱ्या दिवशी पाणी दहाच मिनिटं आलं, मी मुद्दाम सांगितलं. म्हणाले, "येईल उद्या." आठ दिवस त्या माणसाने कोणावर आवाज चढवला नाही. चाळीतले लोक मला विचारायला लागले, भावजी आजारी आहेत का? शेवटी माझाच तोल गेला. मी म्हटलं, "माझ्यामुळे गेली तुमची वर्षभराची मेहनत. ओरडत का नाही तुम्ही माझ्यावर? मी काय परकी आहे?" तर दाराच्या मागे खडूने लिहिलेलं पुसत शांतपणे म्हणाले, "तू कुठे थांबवलंस? मीच थांबलो." ह्यापेक्षा त्यांनी तांब्या फेकून मारला असता तर बरं झालं असतं. काय चिडले मी त्यांच्यावर! रात्रभर कुशी बदलत होते.

त्यांनी पुन्हा पळायला सुरुवात केली, आणि मी शपथ घेतली की तिसऱ्या वर्षी चाळीतलं चिटपाखरू रस्त्यावर दिसता कामा नये. सगळ्यांना दम भरला. शर्यतीच्या दिवशी सकाळी खाली गेले तर तात्या काळी टोपी घालून, धुवट सदरा घालून पायरीवर बसलेले. "मी तयार आसंय," म्हणाले. मी म्हटलं, "तात्या, यंदा नको. वेळ जातो त्यांचा." त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात फिरवत बसले. मी वर आले, डाळ शिजत लावली, आणि दहा वाजेपर्यंत घड्याळाकडे बघत बसले.

चार तास सत्तावन्न मिनिटं! झालं एकदाचं. फोन आला तेव्हा गॅलरीत ताटं वाजली, मी देवाला साखर ठेवली. तासाभराने भावजी जिना चढून आले आणि गळ्यातलं पदक माझ्या पोळपाटावर आपटलं.

"कुठे मेला होतात सगळे?"

"अहो, पाच तासांच्या आत आलात ना?"

"आलो! मग काय करू, नाचू? वरळी नाक्यावर काळं कुत्रं नव्हतं! मी थांबलो तिथे. मिनिटभर उभा राहिलो मूर्खासारखा. तो हवालदार मला विचारतो, यंदा गाऱ्हाणं नाय? काय सांगू त्याला? घरच्यांनी टाकलं म्हणून सांगू?"

"तुमच्याच भल्यासाठी..."

"ते बसवालेही हेच म्हणत होते!"

मग मीही सोडलं नाही. वर्षभराचं साचलेलं सगळं बाहेर काढलं, बूट, मुंग्या, भायखळ्याची मुलगीसुद्धा. अख्खी चाळ गॅलरीत आली. खूप वर्षांत इतकं छान भांडलो नव्हतो आम्ही. खालून तात्यांचा आवाज आला, "अरे, भांडान झाला काय सांगा, माका जेवचा आसा." तेव्हा दोघंही हसलो. पण तात्यांना खाली जाऊन सॉरी म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलं. श्रावणात ते गेले. झोपेतच गेले.

आता पुन्हा डिसेंबर आलाय. भावजी पहाटे चारला कठड्यावर टाच ठेवून उभे असतात, सूनबाई आता दचकत नाही, उलट त्यांना वेळ विचारते. परवा संध्याकाळी मी मेथी निवडत होते. ते येऊन समोर बसले. मला वाटलं चिडण्यासारखं काही मागताहेत, म्हणून मी सांगायला तोंड उघडलं. तर म्हणाले, "वयनी, यंदा वरळी नाक्यावर गाऱ्हाणं तू सांग."

मी म्हटलं, "काहीतरीच काय! बायका सांगतात का कधी? हसतील लोक."

"दुसऱ्या कोणाला येतं आता?"

मी आठवून बघितलं. चाळीत खरंच कोणाला येत नव्हतं. मलाही सगळं कुठे येतं? देवांची नावं मागेपुढे होतात. मधला एक तुकडा मला काही केल्या आठवत नाही, तात्या तिथे आवाज खाली आणायचे एवढंच आठवतं. मी म्हटलं, "मला अर्धंमुर्धं येतं. आणि तुमचे पाच तास? ते पुन्हा जातील."

"जात नाहीत. हिशोब केलाय मी," ते तडकून म्हणाले. "दर किलोमीटरला सहा सेकंद कमी करतोय गणपतीपासून. त्यात तुझी चार मिनिटं बसतात. सहा सेकंद काढताना माझा जीव निघतोय इथे, कळलं?" मेथीची एक काडी उचलून त्यांनी ती उगाच मोडली. "म्हणून सांगतो, तिथे उभी राहून लवकर आटपू नकोस."